आमची वाटचाल: दोन पाहुण्यांच्या मधले चार तास

लोकांची घरं पाहुण्यांना रात्रीच्या हिशोबाने भाड्याने द्यायचं काम आम्ही त्यांच्या वतीने सांभाळतो. हा व्यवसाय कळल्यावर लोक पहिलं विचारतात, एका रात्रीचे किती मिळतात? आम्ही घरमालकाला वेगळं विचारतो. तुमच्या घरी महिन्यातून किती वेळा चादरी बदलाव्या लागतील? अल्प मुदतीने घर भाड्याने देऊन जास्तीचं काही उरणार की नाही, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

सुरुवात घरातल्या एका रिकाम्या खोलीपासून झाली. आम्हा नवराबायकोच्या नोकऱ्या चालू होत्या आणि कर्जाच्या हप्त्याला हातभार लागला तरी पुरे होतं. कल्पना काही आमची नव्हती. व्हीआरबीओ हे संकेतस्थळ १९९५ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये निघालं, तेही एका माणसाला आपलं सुट्टीचं घर भाड्याने द्यायचं होतं म्हणून. एअरबीएनबी या तशाच संकेतस्थळाची गोष्ट तर बहुतेकांना माहीत असते. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेमुळे हॉटेलं भरलेली, घरभाडं भरायची पंचाईत झालेली, अशा वेळी ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली. ही गोष्ट सांगताना दुसऱ्या दिवशी त्या गाद्यांवरच्या चादरी कोणी धुतल्या, ते मात्र कोणी सांगत नाही.

आमच्याकडे त्या आम्हीच धुवायचो. सकाळी ११ ला एक पाहुणा निघणार आणि दुपारी ३ ला दुसरा येणार. मधल्या चार तासांत खोली अशी दिसायला हवी की तिथे आधी कोणी राहिलंच नव्हतं. आमची संस्था आजही या चार तासांवरच उभी आहे. फोटो, जाहिरात, स्वागताचा संदेश ही सगळी कामं एकदा बसवली की चालत राहतात. साफसफाई प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते.

हळूहळू पद्धत बसत गेली. प्रत्येक पलंगामागे चादरी-अभ्र्यांचे तीन संच ठेवतो: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सगळं पांढरं. पांढरं मळतं ही तक्रार खरी आहे, पण ते गरम पाण्यात उकळून काढता येतं, आणि एक अभ्रा फाटला तर तसाच दुसरा लावता येतो, अख्खा संच बाद होत नाही. सफाई वरून खाली, आणि न्हाणीघर सगळ्यात शेवटी. मोरीच्या जाळीवरचा एक केस पाहुण्याच्या मनातून सगळी चकाकी पुसून टाकतो. रिमोटमधले सेल आणि प्रत्येक दिवा लावून बघायचा. निघताना प्रत्येक खोलीचा फोटो काढायचा, म्हणजे पुढे काही तुटलं-फुटलं तर वाद घालत बसावं लागत नाही.

शेजारपाजारचे मालक विचारायला लागले तेव्हा संस्था नोंदवली आणि पहिली माणसं घेतली ती सफाईसाठी. त्यांना तासावर पैसे देत नाही, घरामागे ठरावीक रक्कम देतो. घर नेहमीपेक्षा घाण निघालं तर त्याचे वेगळे देतो. हातात कौशल्य असलेल्या माणसाला लवकर काम संपवल्याची शिक्षा का व्हावी?

आता हिशोबाकडे येतो. समजा, महिन्यात २० रात्री भरल्या. त्या चार-चार रात्रींच्या ५ बुकिंगमधून आल्या तर सफाई ५ वेळा होते. एकेका रात्रीच्या २० बुकिंगमधून आल्या तर २० वेळा होते. जमा रक्कम दोन्हीकडे सारखी, पण दुसऱ्या बाजूला हातात फारसं काही उरत नाही. सफाईचं शुल्क पाहुण्याकडून वेगळं घेता येतं, हे खरं. पण एकाच रात्रीवर ते सगळं शुल्क बसलं की एकूण आकडा फुगतो आणि पाहुणा पुढच्या घराकडे वळतो. म्हणून आम्ही बहुतेक घरांना किमान दोन किंवा तीन रात्रींची अट घालतो. त्यात एक गोम आहे. दोन बुकिंगच्या मध्ये एकच रात्र अडकली तर अटीमुळे ती विकलीच जात नाही. म्हणून रोज सकाळी कॅलेंडर उघडून अशा अडकलेल्या रात्री शोधायच्या आणि तेवढ्यापुरती अट काढायची.

मालकांना आम्ही एक साधी कसोटी देतो. घर वर्षाच्या कराराने दिलं असतं तर मिळालं असतं ते मासिक भाडं धरा. संकेतस्थळाचं कमिशन, सफाई, धुलाई, वीज, विमा, कर हे सगळं वजा जाता एका रात्रीला त्या भाड्याचा दहावा हिस्सा सुटत असेल, तर महिन्याला १० रात्री भरल्या की बरोबरी होते. अकराव्या रात्रीपासून जास्तीचं उत्पन्न. पंधरावा हिस्सा सुटत असेल तर १५ रात्री हव्यात, आणि मंदीच्या महिन्यांत तेवढ्या भरतीलच असं नाही. ही आकडेमोड बघून काही मालक घर नेहमीच्या भाडेकरूला देतात. आमचं एक गिऱ्हाईक जातं, पण चिडलेला मालक सांभाळण्यापेक्षा ते परवडतं.

दोन संकेतस्थळांवर एकच घर टाकलं की दुहेरी बुकिंगची धास्ती असते. त्यांची कॅलेंडरं साध्या दुव्याने जोडता येतात, पण ती लगेच ताजी होत नाहीत. कधी काही तास जातात, आणि गर्दीच्या दिवसांत तेवढ्यात दुसरीकडून बुकिंग पडतं. एक-दोन घरं असताना नजर ठेवून भागतं. त्यापुढे पैसे मोजून चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांची कॅलेंडरं एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली घ्यावी, उगाच काटकसर करू नये.

रिव्ह्यूचंही गणित आहे. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट, म्हणजे चांगल्या यजमानाला मिळणारा दर्जा, टिकवायला पाचपैकी सरासरी निदान ४.८ तारे लागतात. एका पाहुण्याने तीन तारे दिले की ती सरासरी भरून काढायला नऊ जणांचे पाचपैकी पाच हवेत. मुक्काम संपल्यावर रिव्ह्यू द्यायला दोन्ही बाजूंना १४ दिवस असतात, आणि दोघांनी दिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचा दिसत नाही. त्यामुळे खरं लिहायला हरकत नसते. तरी लोक बिचकतात.

२०२० मध्ये कॅलेंडर एकदम कोरं झालं. ज्यांनी दुसऱ्याचं घर भाड्याने घेऊन पुढे रात्रीच्या हिशोबाने द्यायचा उद्योग केला होता, त्यांना घरमालकाचं भाडं चुकत नव्हतं आणि पाहुणा येत नव्हता. तसा धंदा आम्ही तेव्हाही करत नव्हतो, आजही करत नाही. आमची बरीचशी घरं त्या काळात महिन्या-दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी दिली. दर पडले, पण सफाई महिन्यातून एकदाच. मंदीच्या हंगामात हा मार्ग आम्ही अजून वापरतो.

नवं घर घेण्याआधी आम्ही तिथला नियम वाचतो, फर्निचर नंतर बघतो. लंडनमध्ये परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे. जपानच्या २०१८ च्या कायद्याने १८० दिवस ठरवले. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती आली, आणि ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमानाने त्याच घरात राहायचं, पाहुणे दोनच ठेवायचे. तिथे अख्खा फ्लॅट रात्रीच्या हिशोबाने देण्याचा मार्ग जवळपास बंदच झाला. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे परवाने संपवायचं जाहीर केलंय. महापालिकेइतकाच इमारतीचा नियमही बघावा लागतो. शेजाऱ्यांना हे नको असेल तर आम्ही ते घर घेत नाही. जिन्यात रोज भांडण होणाऱ्या घराला चांगला रिव्ह्यू येत नाही.

काही मालक बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावायचा आग्रह धरतात. आमचं उत्तर आधीपासून नाही असंच होतं. एअरबीएनबीनेही ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे पूर्ण बंद केल्यावर वाद घालायची गरज उरली नाही. आवाजाची पातळी मोजणारं यंत्र आधी सांगून लावता येतं, आणि गोंगाटासाठी तेवढं पुरतं.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो धुलाईचा. बाहेर दिलं तर एका दिवसाचा उशीर सगळ्या घरांना भोवतो. स्वतःची मोठी यंत्रं घेतली तर ती चालवायला माणूस, पाणी आणि जागा हवी. बायकोचं मत यंत्रांच्या बाजूने आहे, माझं अजून बाहेर देण्याच्या. तोपर्यंत पलंगामागे तीनाचे चार संच केलेत.