तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याच्या नाकातलं टिपून पाठवलं तर नाही का चालणार?

घोडा खोकतो, नाकातून पांढरट स्राव येतो. मालक विचारतात, "डॉक्टर, हेच कापसावर टिपून लॅबला पाठवा की. एवढी लांब नळी घालून फुप्फुस कशाला धुवायचं?" माथेरानच्या घोडेवाल्यांनी विचारलंय, रेसच्या घोड्यांच्या तबेल्यातही विचारलंय. जनावराचा त्रास वाचवावा म्हणूनच विचारतात, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

नाकाशी आलेला स्राव कुठून निघाला, ते तो सांगत नाही. स्ट्रँगल्सचा, म्हणजे घशाच्या गाठी पिकवणाऱ्या संसर्गाचा संशय असेल तर नाक आणि घशामागच्या हवेच्या पिशव्या धुतलेलं पाणी पुरतं. न्यूमोनियात फुप्फुसाचा एखादाच भाग बिघडलेला असू शकतो; म्हणून जिथे सगळीकडचं उतरून साचतं त्या श्वासनलिकेतून नमुना घ्यायचा आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, निर्जंतुक, साध्या नळीत भरायचा. दमा मात्र फुप्फुसभर पसरलेला असतो. त्यासाठी खोलवरचा एक कोपरा धुतला तरी पुरे, पण खोलवरचाच हवा. (ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची जरा जरी शंका आली तर नळीला हात लावू नका. तो माणसालाही होतो. आधी सरकारी पशुवैद्यकांना कळवा.)

धुणं म्हणजे काय ते सांगते. घोड्याला उभ्यानेच गुंगी द्यायची आणि सुमारे तीन मीटरची मऊ नळी नाकपुडीतून आत सरकवायची. श्वासनलिका दुभंगते तिथे तो हमखास खोकतो, म्हणून त्या जागी बधिर करणारं औषध सोडायचं. नळी अडली की टोकाचा फुगा फुगवायचा, अडीचशे ते पाचशे मिली कोमट सलाईन आत सोडायचं आणि हलक्या हाताने परत ओढायचं. निदान अर्धं तरी परत यावं. सिरिंजमध्ये त्यावर ताकावर येतो तसा पांढरा फेस दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. तो फेस फुप्फुसाच्या सूक्ष्म पिशव्यांतला. नळी योग्य जागी पोचली होती.

आणि इथून पुढेच नमुने वाया जातात. काही वर्षांपूर्वी एका स्टड फार्मवरून एका घोडीचा नमुना आला. सकाळी अकराला घेतलेला, साध्या नळीत, गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिलच्या उन्हात ठेवलेला, संध्याकाळी सहाला माझ्या टेबलावर. काचेवर फुटक्या पेशींचा नुसता चिखल. घोडीला पुन्हा गुंगी, पुन्हा नळी. तिचा काय दोष होता?

म्हणून पाणी हातात आलं की घाई करा. परत आलेलं सगळं एकत्र करून हलकेच ढवळा. पेशी तपासायचा भाग जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए हे पेशी टिकवणारं रसायन असलेल्या नळीत. नळी बर्फाच्या पिशवीशेजारी, मध्ये कापड घालून, कारण गोठली तरी पेशी फुटतात. शक्य असेल तर तिथेच सेंट्रिफ्यूजवर फिरवून तळाचा गाळ काचेवर पसरा आणि हवेत झटकन वाळवा. त्या काचा फॉर्मेलिनच्या बाटलीसोबत एका डब्यात कधीही ठेवू नका; नुसत्या वाफेनेही रंग नीट चढत नाही. झटपट रंगाने मास्ट पेशींचे (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचे) दाणे अनेकदा दिसत नाहीत आणि सौम्य दमा त्यांच्यातच लपलेला असू शकतो, म्हणून ते दाणे दाखवणाऱ्या टोल्युइडीन ब्लू रंगाची एक काच मी वेगळी करते.

त्या घोडीकडे दुसऱ्या वेळी मी स्वतः गेले. गाडीतल्या लहान सेंट्रिफ्यूजवर नमुना फिरवला, पागेच्या ओट्यावर बसून काचा वाळवल्या. लॅबमध्ये 400 पेशी मोजल्या, त्यात 152 न्यूट्रोफिल, म्हणजे दाह झाला की गर्दी करणाऱ्या पांढऱ्या पेशी. निरोगी घोड्यात शंभरात पाचाच्या वर जात नाहीत आणि पंचविसाच्या वर म्हणजे तीव्र दमा. इथे अडतीस होते. त्याच संध्याकाळी फोनवर सईसाला सांगितलं, सुकं गवत भिजवूनच घाल, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि तिला मागच्या मोकळ्या पॅडॉकमध्ये हलव.