तळ आधी, शिक्का शेवटी : आमच्या दुकानाची वाटचाल

आमच्या जुन्या मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानाला या सप्टेंबरात २२ वर्षं झाली. त्यातली वीसेक वर्षं सरळ गेली. माल आणला, ओळखला, विकला; सांगण्यासारखं त्यात फार नाही. मधली दीड वर्षं मात्र सांगायलाच हवीत, कारण त्या काळाबद्दल या धंद्यात अजून खोटं बोललं जातं आणि आम्ही आजवर गप्प बसलो.

मी मूळची सांगलीची. यजमानांना इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून १९९९ साली आम्ही इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला आलो. टन्स्टल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन या सहा गावांचं मिळून हे एक शहर, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचं. इथली माणसं दुसऱ्याच्या घरी चहाला गेली तरी बशी उलटी करून तळावरचा कारखान्याचा शिक्का वाचतात, आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या उघड्यावरच्या बाजारात, मी ५० पेन्सला एक तपकिरी मग घेतला. आजीच्या लोणच्याच्या बरणीचा रंग होता तो, तेवढ्यावरच घेतला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे केला, मग उलटा केला, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "विंचकम, डक. रे फिंचच्या वेळचा." विंचकम ही इंग्लंडातली एक जुनी पॉटरी, रे फिंच तिथला कुंभार. आणि इथे सगळे एकमेकांना डकच म्हणतात. मी त्यांना काका म्हणू लागले. चार वर्षांनी लाँगटनला दुकान घेतलं तेव्हा भाड्याचा तिसरा हिस्सा काकांचा होता.

काकांनी पॉटबँकांमध्ये, म्हणजे इथल्या भांड्यांच्या कारखान्यांमध्ये, ४१ वर्षं काढली होती. त्यांचे वडील लहानपणी सॅगरचे, म्हणजे भट्टीत भांडी ठेवायच्या मातीच्या पेट्यांचे, तळ ठोकायच्या कामावर होते: लोखंडी रिंगणात माती घालायची आणि लाकडी मोगरीने ठोकून सपाट करायची. १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि कोळशाच्या बाटलीभट्ट्या एकेक करून विझल्या, ते काकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी मला वहीतून काही शिकवलं नाही. डोळे मिटायला लावायचे आणि भांडं हातात द्यायचे. आधी वजन, मग तळ, मग झिलई, आणि शिक्का सगळ्यात शेवटी. कारण शिक्का कुणीही मारू शकतो.

आमची हत्यारं थोडी आहेत. दहापटीचं भिंग. काकांचं पोलादी व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं, त्यावरचे आकडे आता बोटांनी झिजलेत. बोन चायनाच्या, म्हणजे हाडांची राख घातलेल्या चिनी मातीच्या, मागे धरून उजेड आरपार येतो का पाहायला बारीक टॉर्च, आणि दुरुस्ती शोधायला अतिनील प्रकाशाचा दुसरा. जिथे टवका भरून वरून रंग दिलाय ती जागा त्या उजेडात वेगळीच चमकते. टॉर्च नसेल तर कड हळूच दाताला लावा. झिलई दाताला थंड आणि कडक लागते, रंग दिलेली जागा मऊ लागते. नवे लोक हे करायला लाजतात. लाजू नये.

शिक्क्यांचंही सांगते, कारण रोज कुणीतरी चुकलेलं दुकानात येतं. शिक्क्यात इंग्लंड हा शब्द असेल तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेच्या जकात कायद्याने मालावर देशाचं नाव लागायला लागलं. इथल्या वेजवुड कारखान्याने १८६० पासून तीन अक्षरं दाबली: महिना, कारागीर, वर्ष. पण वर्षाची अक्षरं पुन्हा पुन्हा फिरून येतात, तेव्हा नुसत्या अक्षरावर साल सांगू नका. 'वेजवुड अँड कंपनी' असं असेल तर ते टन्स्टलचं निराळं घराणं. डोल्टन कारखान्याच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी छोटा आकडा असेल तर त्यात १९२७ मिळवा, साल मिळतं. आणि बर्नार्ड लीच हा नावाजलेला इंग्रज कुंभार, सेंट आयव्हजला त्याची पॉटरी; पण नुसता सेंट आयव्हजचा शिक्का असला म्हणून तो मग लीचनेच घडवला असं होत नाही. रोजच्या वापराची भांडी तिथे बाकीचे कारागीर घडवत. लीचच्या स्वतःच्या हातच्या भांड्यावर त्याच्या आद्याक्षरांचा बी-एल शिक्काही असायचा.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही २०११ साली मी फसले.

आमच्याच वर्तुळातला एक व्यापारी. नाव घेत नाही. आमच्याकडे चहा प्यायलेला माणूस. एका घरातला संग्रह निघालाय म्हणाला, सहा नग, सगळे लीच, दोन्ही शिक्के, भाव साडेअकरा हजार पौंड. दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय, आज ठरवा. काका तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. मी त्यांच्यासाठी थांबले नाही. दुकानाचं सगळं भांडवल दिलं आणि पावती घेतली, तीवर त्याने लिहिलं होतं : 'स्टोनवेअर, सहा नग', म्हणजे नुसती कडक भाजलेली मातीची भांडी. कुणाचं, कधीचं, काही नाही. धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, पावतीवर कर्त्याचं नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन महिन्यांत तीन नग गेले. मग त्यातल्या एका वाडग्याबरोबर गिऱ्हाईकाचं पत्र आलं, निवृत्त शिक्षिका होत्या : झिलई पटत नाही, एकदा पाहा. काका कुबडी घेऊन दुकानात आले. त्यांनी घरून स्वतःचा मग आणला होता, सेंट आयव्हजला जाऊन पॉटरीतूनच घेतलेला. व्हर्नियर लावलं. मगावरच्या शिक्क्यापेक्षा वाडग्यावरचा शिक्का जवळजवळ एक मिलिमीटरने लहान भरला.

याचं कारण साधं आहे. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, स्टोनवेअर दहा-बारा टक्के तरी. खऱ्या, भाजलेल्या भांड्यावरच्या ठशाचा साचा घेऊन कुणी शिक्का बनवला आणि नव्या मातीवर दाबला, तर ती माती पुन्हा तितकीच आक्रसते. म्हणून चोरलेला शिक्का लहान निघतो. पण सेंट आयव्हजला शिक्के बरेच होते, तेव्हा एवढ्यावर निकाल लावता येत नाही. म्हणून काकांनी तळ भिंगाखाली धरला. खरा जुना तळ झिजतो तो उंचवट्यावर, आणि ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी असतात. इथे मळ खाचांमध्ये सारखा बसवलेला होता. कोमट पाण्यात तो दहा मिनिटांत सुटला.

१९८०च्या सुमारास वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या फेदरस्टन तुरुंगात मातीकामाच्या वर्गात कैद्यांनी लीचची भांडी हुबेहूब केली होती, आणि ती लिलावात लीच म्हणून विकलीही गेली होती. आमचे नग तिथलेच असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की या कामात मोठमोठे जाणकार चुकले आहेत.

तिन्ही गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही परत केले, ९,२०० पौंड. कुणी मागण्याआधी केले. त्या व्यापाऱ्याने पावतीकडे बोट दाखवलं आणि हात झटकले. वकिलाने पावती पाहून नकाराची मान हलवली. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलेही असते. पण त्या व्यापाऱ्यानेच जुन्या भांड्यांच्या जत्रांमध्ये सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे नकली माल असतो. त्याचाच माल! पुढच्या वर्षी दोन ठिकाणी आम्हाला टेबल मिळालं नाही. जुनी गिऱ्हाइकं नजर चुकवायला लागली. मी सांगलीला जाऊन पाटल्या मोडल्या. यजमानांनी रात्रपाळ्या घेतल्या.

काकांनी काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. त्यांच्या आईचा क्लॅरिस क्लिफ या इथल्याच नक्षीकार बाईंचा कॉफी सेट होता, क्रोकस फुलांच्या नक्षीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. ती नक्षी पाहिली नसेल तर सांगते : नारिंगी, निळी, जांभळी फुलं कुंचल्याच्या एकेका फटकाऱ्यात उमटवायची, मग भांडं उलटं धरून हिरव्या रेघांची पानं ओढायची. छापाचा संबंध नाही, सगळं पोरींच्या हातचं. काकांनी तो सेट विकला आणि तीन हजार पौंड दुकानाच्या खात्यात भरले. मी रडले तेव्हा म्हणाले, "अगं, कपाटातच तर होता."

२०१३ पासून गाडी रुळावर आली. काका २०१६ साली गेले. व्हर्नियर माझ्याकडे आहे. उरलेल्या तीन नकली नगांपैकी एकही मी विकला नाही, मोडलाही नाही. तळाशी लाल रंगाने फुली मारून काउंटरवर ठेवलेत. शिकायला येणाऱ्याच्या हातात आधी तेच देते.

जाता जाता, इंग्लंडातल्या आपल्या लोकांसाठी : कुंभार मायकेल कार्ड्यूच्या किंवा तशाच जुन्या पिवळट-तपकिरी स्लिपवेअरच्या, म्हणजे पातळ मातीचा लेप दिलेल्या, भांड्यात लोणचं घालू नका. ती झिलई शिशाची असते, आणि आंबटाने शिसं उतरतं. आजीच्या बरणीसारखं दिसतं म्हणून मोह होतो, मलाही झाला होता. झिलईला जाळी पडलेली भांडी ब्लीचमध्ये बुडवू नका. बशा भिंतीवर टांगायला स्प्रिंगची तार वापरू नका, कडेला तडा जातो.

काकांच्या आईचा तो सेट आम्ही अजून शोधतो आहोत. लिलावांच्या याद्या दर आठवड्याला चाळते. कपांचे कान त्रिकोणी, भरीव. एक बशी बदली, जरा फिकट. साखरेच्या भांड्याला तळाच्या कडेवर अर्ध्या मुगाएवढा टवका आहे, आतून पिवळसर दिसणारा. कुणाच्या हाती लागलं तर उलटं करून बघा आणि आम्हाला कळवा. भाव तुम्ही सांगाल तो.