तुम्ही विचारलंत म्हणून: जे टिकत नाही ते शाळेत कशाला नेता?

‘जे अजून टिकतच नाही, ते मुलांना कशाला दाखवता?’ प्रयोगशाळेतले सहकारी विचारतात, शिक्षक विचारतात, हल्ली घरचेही विचारू लागलेत. चहा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगते आणि विषय तिथेच राहतो. आज नीट सांगते.

पेरोव्स्काइट सोलर सेल म्हणजे पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाच्या पातळ थराने उजेडापासून वीज करणारा सेल, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकून पाठ झालंय. 2009 साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने असा सेल केला, तेव्हा उजेडाचा जेमतेम 3.8 टक्के भाग विजेत उतरत होता. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल 26 टक्क्यांच्या पुढे गेलेत. पूर्वी मी शाळेत हा चढता आलेख दाखवायचे. मुलं ऐकून घ्यायची, एवढंच. छपरावरचं सिलिकॉनचं पॅनेल 25 वर्षांच्या हमीवर विकलं जातं आणि आमचा थर दमट हवेत उघडा राहिला की खराब होतो, हे त्या आलेखात कुठेच नव्हतं. तेव्हा माझं मत होतं की मुलांपुढे पक्कं तेच न्यावं. ते मत चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या एका शाळेत, ऐन पावसाळ्यात, मी बरणी घेऊन गेले. बंद काचेची बरणी, आत काचपट्टीवर साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचा थर; काळपट तपकिरी, चकचकीत. झाकणाच्या रबरी बुचातून सिरिंजने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब जिथे पडला तिथे थर बघता बघता पिवळा झाला. वर्गात एकच गलका. मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन उभी राहिली. मी सांगितलं, थरात दोन घटक एकमेकांत गुंफलेले असतात. पाण्याने त्यातला मिथाइल अमोनियम आयोडाइड विरघळवून नेला आणि मागे उरलं ते पिवळं लेड आयोडाइड.

एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, वाळवल्यावर परत काळं होईल?’

अहो, याच प्रश्नावर जगभर काम चाललंय! नुसत्या दमट हवेने थोडंसं बिघडलेलं असेल तर वाळवून बरंचसं परत येतं. थेंबाने धुऊन गेलेलं येत नाही, गेलेला घटक त्याला पुन्हा द्यावा लागतो. मी हे सांगायला लागणार तोच मुख्याध्यापक उठले. ‘मॅडमचा प्रयोग आज पावसामुळे फसला, पुढच्या वेळी नक्की यशस्वी होईल. टाळ्या!’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी खाली बसली. पुढे आभारप्रदर्शन, खिचडीची घंटा, आणि वर्ग रिकामा.

ऑफिसात ते मला म्हणाले, ‘आमच्या पोरांनी घरी हरणं पुष्कळ बघितलंय. तुम्ही तरी जिंकलेलं दाखवा.’ ते मनापासून बोलत होते, म्हणूनच जास्त लागलं. फसला कुठे? थेंब पडल्यावर जे व्हायला हवं तेच झालं होतं! पण त्यांच्या शाळेतून दहावीनंतर किती मुलं ऊसतोडीला जातात हे त्यांना माहीत आहे, मला नाही. माझी बाजू मला आजही खरी वाटते आणि त्यांची खोटी म्हणता येत नाही.

यातून शास्त्रज्ञ घडतात का, असंही विचारता. सांगता येत नाही. अहवालात विद्यार्थिसंख्येचा रकाना असतो, तो मी भरते. चढत्या आलेखावर मात्र मला कधीच कुणी प्रश्न विचारला नव्हता, आणि बरणी नेली की विचारतात. माझ्यापुरतं एवढं कारण पुरतं.

एका पालकांची हरकत राहते: त्या थरात शिसं असतं, ते शाळेत आणायचंच कशाला? बरणी सीलबंद असते, मुलांच्या हातात देत नाही, जशी नेली तशी परत आणते. तरी हरकत रास्त आहे. शिशाऐवजी कथील वापरून बघणारे गट आहेत, पण कथिलाचा थर नुसत्या हवेतल्या ऑक्सिजननेच बिघडायला लागतो. तोवर बरणी शिशाचीच राहील, आणि त्या पालकांनी पुन्हा विचारलं तर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.