व्हाळ उतरेपर्यंत

गोव्यातल्या मोलेच्या जंगलात माणसांना पायवाटांनी फिरवणं हे माझं काम. बहुतेक लोक इथं येतात ते दूधसागर बघायला, आणि संध्याकाळी परततात. भगवान महावीर अभयारण्यातला 107 चौरस किलोमीटरचा गाभा 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तो कळायचा तर तीन दिवस चालावं लागतं. खाली किंदळ, नाणा, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं आत शिरलं की पानगळीची झाडं विरळ होतात, उजेड हिरवट होतो आणि पायाखालचा पाला ओलाच राहतो.

ऑक्टोबरातल्या त्या फेरीचा दुसरा दिवस. माझ्यासोबत अकरा जण होते, त्यात फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका. सकाळी व्हाळ ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, तळाचे गोटे मोजता येत होते. दुपारी परत काठाशी आलो तर वर घाटात गडगडत होतं. आमच्यावर एक थेंब नव्हता. पण पाणी गढूळ झालं होतं, काटक्या नि पाला वाहून येत होता. मी पाण्याच्या कडेला काठी रोवली. वीस मिनिटांत ती वीतभर बुडाली. मग तळातून गोट्यांवर गोटे आपटल्याचा आवाज येऊ लागला. तो आवाज आला की पाण्यात पाय घालायचा नाही.

"दादा, वीस पावलं तर आहेत. हात धरून जाऊया," एक मुलगा म्हणाला.

"नाही. बसायचं."

तो रागावला. मला त्याचा राग कळत होता. पलीकडची वाट डोळ्यांसमोर दिसत असताना बसून राहणं कठीणच. त्यानं सॅक काढली आणि कारवीच्या झुडपाला अडकवायला हात उचलला.

"हात तिथंच ठेव, बाळा. हलू नको," बाई हळूच म्हणाल्या.

त्याच्या बोटांपासून हातभर अंतरावर चापडा होता, विषारी साप. शेवाळासारखा हिरवा-तपकिरी, फांदीला वेटोळं घालून, तिकोनी डोकं खाली पाण्याकडे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला खड्डा स्पष्ट दिसत होता. त्या खड्ड्यानं तो अंधारातही भक्ष्याची ऊब ओळखतो. मुलगा पाऊल पाऊल मागं आला. साप जागचा हलला नाही. भक्ष्याची वाट बघत तो दिवसच्या दिवस एकाच जागी बसतो, म्हणजे सकाळीही तो बहुधा तिथंच असणार. त्याच झुडपाला घासून मी अकरा जणांना पुढं नेलं होतं आणि मला तो दिसला नव्हता. इतकी वर्षं या वाटा तुडवतोय, तरी ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

आम्ही दहा पावलं मागं सरकून मोकळ्या खडकावर बसलो. बाईंनी डब्यातल्या भाकऱ्या वाटल्या. जळवा काढत, काठीकडे बघत अडीच तास गेले. कोणी मोठ्यानं बोललं नाही. तो मुलगा एकटक चापड्याकडे बघत होता. त्यानं फोनही बाहेर काढला नाही.

पाच वाजता काठीचं बूड उघडं पडलं, गोट्यांचा आवाज थांबला, तळ पुसट दिसू लागला. मी सगळ्यांना सॅकचा कमरेचा पट्टा सोडायला सांगितलं, म्हणजे पाय घसरला तर ओझं टाकता येतं. काठीनं चाचपत आधी मी पलीकडे गेलो, दोर बांधला. मग एकेक जण. बाई शेवटच्या आधी आल्या आणि काठावर उभ्या राहून वर्गातल्यासारखं मोजू लागल्या. अकरावा तो मुलगा होता. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यानं वळून कारवीकडे एकदा पाहिलं.

"आहे अजून," तो म्हणाला.