केयं, केळं आणि शेजारच्या काकूंची संमती

मागच्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या घरी मी माझ्या अडीच वर्षांच्या भाचीचे बोलणे ध्वनिमुद्रित करू लागले. वहिनीने तिच्या झबल्याला छातीपाशी कापडी खिसा शिवून दिला. त्यात छोटा रेकॉर्डर ठेवला की सकाळच्या चहापासून दुपारच्या झोपेपर्यंत तो सुरूच असे. मुलाला समोर बसवून चित्रे दाखवली की ते विचारल्यापुरते उत्तर देते. त्याची खरी भाषा ऐकायची, तर ते कोंबडीमागे धावताना आणि आजीपाशी हट्ट करताना काय बोलते, हे टिपावे लागते. परदेशात यासाठी वापरले जाणारे ‘लेना’ हे यंत्र सलग 16 तास मुद्रण करू शकते, पण आवाजांची आपोआप वर्गवारी करणारी त्याची प्रणाली अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांच्या मुद्रणांवर घडवलेली आहे. वऱ्हाडी अंगणासाठी अजून माणसाचा कानच लागतो.

एका मुद्रणात भाची म्हणते, “आजी, मले केयं दे.” केवळ तिचाच आवाज कापून दिला, तर प्रमाण मराठीची सवय असलेला अभ्यासक ‘हिला अजून ळ उच्चारता येत नाही’ अशी नोंद करील. पण लगेच आजीचा आवाज येतो, “आत्ताच खाल्लं न तू केयं!” आमच्याकडे मोठी माणसेही काळा याला काया आणि डोळा याला डोया म्हणतात. म्हणजे मूल चुकलेले नाही, ते आपल्या घरची भाषा अचूक उचलते आहे. हे कळण्यासाठी आजीचा आवाज मुद्रणात असावाच लागतो, आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते.

आमच्या अंगणाला शेजारच्या बाजूने कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून वाटीभर साखर जाते तसेच घरोघरीचे दुःखही जाते. गोड वाटले म्हणून मी एक मिनिटाचा तुकडा एका परिचित अभ्यासकाला पाठवला. त्यात भाचीच्या बडबडीमागे शेजारच्या काकू आपल्या मुलीच्या सासरच्या त्रासाबद्दल आईशी बोलत होत्या. त्याने विचारले, तेव्हा माझ्या ध्यानात आले. वहिनीची संमती माझ्याकडे होती, काकूंची नव्हती. ही चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते.

नाव पुसले की ओळख पुसली जाते, ही समजूत गावात टिकत नाही. लहान गावात खोकल्यावरूनही माणूस ओळखू येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती मागितली आहे. संशोधनाला त्यात काही सवलत असली, तरी मी तिच्या आडोशाला जाणार नाही.

तरीही मुद्रणे कपाटात कुजवणे मला पटत नाही. ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 मध्ये ‘चाइल्ड्स’ हा मुलांच्या बोलण्याचा सामायिक संग्रह सुरू केला, आणि एका घरात टिपलेले बोलणे जगभरच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा तपासता येऊ लागले. त्याच परिवारातील ‘होमबँक’ दिवसभराची मुद्रणे सांभाळते. तिथे बहुतेक सामग्री सरसकट खुली नसते, संशोधन-नैतिकतेचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि करार केलेल्या अभ्यासकांनाच ती मिळते. वऱ्हाडी मुलांचे आवाज अशाच दारातून जावेत, असे मला मनापासून वाटते.

म्हणून आता मी प्रत्येक तास स्वतः पूर्ण ऐकते, मग ज्यांचा ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांना ऐकवते, आणि त्यांनी सांगितलेला भाग नि:शब्द करते. संमती पुढेही मागे घेता येईल, हे कागदावर लिहून देते. भाची मोठी झाल्यावर तिलाही तो अधिकार राहील. हे काम संथ आहे. चार तासांच्या मुद्रणाला कधी आठवडा जातो.

काकू आमच्या ओसरीवर कानाला इअरफोन लावून बसल्या आणि त्यांनी अकरा मिनिटे काढायला सांगितली. मी ती त्यांच्यासमोरच काढली. मग त्यांच्याच आवाजातले “केयं खातं का वं?” ऐकू आले, तेव्हा मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “हे राहू दे.”