बांध कोरणारे मासे

आमच्या बेळगावच्या घरात बोअरच्या पाण्याला कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही. त्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढरी किनार धरते ती लिंबानं घासल्याशिवाय निघत नाही. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आलं की बायको आधी डाळीपुरतं भरून ठेवते. आफ्रिकेतल्या एका तळ्यातल्या माशांना नेमकं असलंच जड पाणी मानवतं, हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्यांनाच घाला की ते."

मासे म्हणजे मलावी सरोवरातले सिक्लिड. त्यांतही ‘म्बुना’ या जमातीचे, जे खडकांच्या कपारीत राहतात. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतलं हे तळं सातशे मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत, आणि बहुतेक जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाहीत. माझ्या माशांनी अर्थात ते तळं बघितलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या काचेतच जन्मलेली मंडळी ती. पण पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७.८ ते ८.६ पाहिजे, हा आजोळचा हट्ट अजून सुटलेला नाही.

चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशी टाकी घेतली. ती काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच अडीच क्विंटल वजन. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला. वर प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर काच.

मग दगड. हा भाग मला सगळ्यात आवडला, हे कबूल करतो. महिनाभर मी गाडीच्या डिकीत दगड घेऊन हिंडत होतो. खानापूरच्या वाटेवरचा जांभा दिसायला देखणा, पण हातात घेतला की भुगा सांडतो. तो बाद केला. नदीतले काळे, गुळगुळीत धोंडे चालले. बागलकोटकडून येताना एक राखाडी चुनखडक आणला. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. असला दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पीएच खाली येऊ देत नाही. शिवाय खानापूरच्या कुंभाराकडची दोन छोटी मडकी, एकाचा काठ फुटलेला. फुटकं मडकं दुकानातून मागून घेणारं गिऱ्हाईक त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मी आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड रचले. दिसायला झकास. तेवढ्यात गच्चीची गळती बघायला आमचे गवंडी काका आले. चहा घेता घेता टाकीकडे बघत राहिले.

"हे काय करालायसा मालक? वाळूवर भीत कोण बांधतंय?"

"मासेच राहणार आहेत हो त्यात."

"मासं उकरत न्हाईत?"

उकरतात. तेच तर त्यांचं मुख्य काम. तोंडात वाळू भरायची, चार बोटं पलीकडं नेऊन थुंकायची, दिवसभर. खालून वाळू गेली की वरचा धोंडा सरकणार, आणि काचेवर आला तर अडीच क्विंटल पाणी हॉलमध्ये. काकांनी बाह्या सरसावल्या आणि सगळं बाहेर काढलं. तळाला प्लॅस्टिकची जाळी घातली, तिच्यावर मोठे धोंडे रुंद बाजूनं बसवले. वर गडग्यासारखी कोरडी रचाई केली. प्रत्येक दगड हलवून बघायचा, डुगडुगला की खाली चीप मारायची. वाळू सगळ्यात शेवटी. टाकीच्या सजावटीवरचे मी जितके व्हिडिओ पाहिले होते, त्यांत एवढं नेटकं कुणी सांगितलं नव्हतं. मजुरी विचारली तर म्हणाले, "मासं आलं की दावा."

मासे यायला पाच आठवडे लागले. फिल्टरमध्ये जंतूंची वस्ती व्हावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती होईपर्यंत मासे आणले तर ते मरायलाच आणल्यासारखं. पण हे आल्यागेल्याला कसं सांगायचं? दिवा चालू, मोटर चालू, पाणी खळखळतंय, आत नुसते दगड. शेजारच्या आजी रोज येऊन काचेला नाक लावायच्या. पाचव्या आठवड्यात त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मासं हायत की गं? मलाच दिसंनात?"

शेवटी वीस-बावीस पिल्लं आली. कमी आणली तर एक दांडगा बाकीच्यांना मारतो. गर्दी केली की त्याचा राग वाटला जातो, कुणा एकाच्या वाट्याला पुरता येत नाही. त्यांत केनयी जातीची चार होती, चारही निळी, पट्टेरी. चार महिन्यांत एक पिवळा पडला. मी आजार समजून घाबरलो, पण तो नर निघाला. या जातीत माद्या निळ्याच राहतात. पिवळा झाल्यापासून त्यानं फुटकं मडकं बळकावलं आणि रोज थोडं थोडं शेजाऱ्याकडचं उकरायला लागला. आमच्याकडे नांगरताना दरवर्षी थोडा थोडा बांध कोरणारा एखादा भाऊबंद असतोच, अगदी तस्सा. त्याचं नाव मी लिहीत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

एकदा व्हॅक्सिन डेपोत फिरताना मित्राला हे सांगत होतो. बोलता बोलता त्या मूळ तळ्याचीही हद्द वादात आहे, हे आलं. १८९० च्या ब्रिटन-जर्मनी कराराकडे बोट दाखवून मलावी म्हणतं, टांझानियाच्या किनाऱ्यापर्यंत पाणी आमचं. टांझानिया म्हणतं, हद्द मधोमध. मित्र चालता चालता थांबला.

"कमिशन बसलंय काय तिथं?"

पुढं ‘पिवळे लॅब’ जातीचे नवीन सहा मासे आणले, तेव्हा जुन्यांनी त्यांना जगू दिलं नसतं. यावर उपाय ठरलेला आहे: दगड हलवायचे. सगळ्यांच्याच खुणा एकदम पुसल्या की जुना-नवा भेद उरत नाही. काकांना बोलावलं, दिवा बंद केला आणि अर्ध्या तासात आमची पुनर्रचना उरकली. ५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपेक्षा तक्रारी कमी आल्या. पिवळा केनयी तेवढा दोन दिवस मडकं शोधत फिरला.

हल्ली एक निळी मादी काही खात नाही. गाल फुगलेले, चारा समोरून जातोय तरी ढिम्म. या माद्या अंडी तोंडात धरतात आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत, साधारण तीन आठवडे, तशाच राहतात. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला या वयात दिसलं. आजी विचारतात, "किती दिस झालं?" कॅलेंडरवर बायको खुणा करते आहे, आज सतरावा. पाणी बदलायचं बोअरच्या बादल्यांनीच, आणि त्या आता तीच भरून ठेवते. डाळीसाठी मात्र नळाचीच वाट बघणं चालू आहे.