खान्देशात बाइक आणि कारसाठी जीपीएस घेताना: आधी ऊन बघा, मग नकाशा

नॅव्हिगेटर घ्यायचा म्हटलं की चर्चा नकाशावर जाते. कोणाचा नकाशा ताजा, मराठीत बोलतो का, टोल दाखवतो का. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं बाहेरचं तापमान आहे ० ते ३५. म्हणजे मार्चपासूनच आपण त्या मर्यादेबाहेर. वरून ऊन, आतून चार्जिंगची उष्णता, स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि सतत चालणारा नकाशा, एवढं सगळं एकत्र आलं की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी तापल्याची सूचना दाखवून गप्प बसतो. धुळ्याहून दुपारी निघालात तर पारोळा-एरंडोलपर्यंत हा प्रकार पुरा होऊ शकतो.

बाइक आणि कार दोन्हींसाठी एकच उपकरण हवं असेल, तर बाइकचं घ्या आणि ते कारमध्ये लावा. उलटं जमत नाही. कारच्या नॅव्हिगेटरला पावसापासून संरक्षण नसतं, त्याची बॅटरी नावापुरती असते, आणि हातमोजे घालून त्याची स्क्रीन दाबायला गेलात तर ऐकतेच असं नाही. बाइकसाठीच्या उपकरणात, म्हणजे गार्मिनच्या झुमो किंवा टॉमटॉमच्या रायडर मालिकेत, या गोष्टी आधीच पाहिलेल्या असतात. फक्त अशा काही मॉडेलना स्वतःचा स्पीकर नसतो, आवाज ब्लूटूथने हेल्मेटमध्ये जातो. कारमध्ये तो गाडीच्या म्युझिक सिस्टीमला जोडता येईल का, हे घेण्याआधी विचारा.

फक्त कार असेल, तर वेगळ्या उपकरणावर पैसे घालू नका. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, असेल तर फोन खाली सावलीत ठेवता येतो, तापण्याचा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. नसेल तर एसीच्या जाळीत अडकणारा होल्डर घ्या. थंड हवा थेट फोनच्या पाठीवर येते, काचेवरच्या होल्डरपेक्षा उन्हाळ्यात हा कितीतरी बरा. काचेवरचा रबरी कप उन्हाने मऊ पडतो आणि धुळीमुळे सुटतो. तोच वापरायचा असेल तर काच आणि कप दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि गाडी उन्हात लावून जाताना उपकरण काढून घ्या. बंद गाडीचा डॅशबोर्ड लिथियम बॅटरी ठेवण्याची जागा नाही. वायरलेस चार्जिंगचा होल्डर मे महिन्यात विसरा, त्याची उष्णता वेगळी. काही गाड्यांच्या काचेवर धातूचा थर असतो, तिथे उपग्रहाचा सिग्नल कमजोर होतो. उपकरण सरकवून बघा.

बाइकवर फोनच लावायचा असेल तर दोन शत्रू: ऊन आणि थरथर. मोठ्या इंजिनच्या बाइकची जोरदार थरथर हँडलमधून फोनच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते, आणि ज्या कॅमेऱ्यात हलणारी भिंग-रचना आहे तो बिघडू शकतो, हे अ‍ॅपलने २०२१ साली स्वतःच जाहीर केलं. बुलेटसारख्या सिंगल सिलिंडरवर तर व्हायब्रेशन डँपर असलेलाच होल्डर घ्या. आरशाच्या दांड्यावर बसणारा होल्डर स्वस्त आणि सोपा असतो, पण थरथर तिथे जास्त जाणवते. हँडलवर घट्ट क्लँप बरा. त्याचा व्यास घेताना बघा, आपल्या बहुतेक बाइकचं हँडल २२ मिमीचं असतं. माझं मत विचाराल तर रोजचा फोन खिशात ठेवा आणि बाइकसाठी जुना, साध्या कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन वेगळा काढा. कव्हर काढून, चार्ज आधीच करून, डार्क मोडमध्ये नकाशा लावून चालवा. स्क्रीन किती उजळ आहे हे दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही, भर दुपारी बाहेर नेऊन बघा. कागदावर निदान १००० निट्स (उजेडाचं माप) असावेत.

पाण्याचं म्हणाल तर उपकरणावर लिहिलेलं आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. ही हमी चार्जिंगच्या खाचेचं टोपण बंद असतानाची. चार्जिंगची पिन खोचलेली असेल तर तोच खड्डा पाणी आत घेतो.

वीज जोडताना मात्र घाई नको, कारण बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा यूएसबी चार्जर १२ व्होल्टच्या बाजूने साधारण दीड अँपिअर घेतो. एकच चार्जर असेल तर चावीने चालू-बंद होणाऱ्या तारेवरून ३ अँपिअरचा फ्यूज घालून घेतलेला पुरतो. शेजारी फॉग लँपही लावायचे असतील तर रिले, म्हणजे चावीच्या छोट्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, वापरा. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी तार, ८५ अर्थ, ८६ ला चावीची तार. बॅटरीवरून थेट तार घेतलीत तर फ्यूज बॅटरीजवळच हवा, चार्जरजवळ नाही. मधली तार घासून उघडी पडली तर संरक्षण तिलाच लागतं.

थेट बॅटरीवर कायम जोडलेला स्वस्त चार्जर रिकामा असतानाही थोडी वीज खातो. २० मिलिअँपिअर धरा, आठवड्याला ३.४ अँपिअर-तास झाले. १०० सीसीच्या बाइकची बॅटरी ३ ते ४ अँपिअर-तासांची असते. लग्नाला गावी गेलात, परत आलात, सेल्फ लागत नाही, आणि शिव्या बॅटरीवाल्याला!

नॅव्हिगेटरचा पाळणा, म्हणजे तो ज्यात बसतो ते स्टँड, १२ व्होल्ट घेतो म्हणून त्याच उपकरणाच्या यूएसबी पिनला १२ व्होल्ट देऊ नका, ती ५ व्होल्टचीच असते. तार बांधण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

आता नकाशा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. किमान चार उपग्रह दिसले की जागा कळते. रेंज लागते ती नकाशा आणायला आणि पहिली जागा लवकर पकडायला. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, पुढे मोलगीकडे जायचं असेल तर रेंजच्या भरवशावर राहू नका. गुगल मॅप्सचा ऑफलाइन भाग कारचा रस्ता दाखवतो, पण ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते नाहीत. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये राज्याचा नकाशा उतरवता येतो. महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशही घ्या. शेजारच्या राज्याचा नकाशा नसेल तर नवापूर किंवा खेतियाशी रस्ता संपतो. निघण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून घरीच धडगाव शोधा. मार्ग निघाला तर खरं.

नवीन फोनच्या जाहिरातीत एल१ आणि एल५ अशी उपग्रहाच्या सिग्नलची दुहेरी फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. घाटात आणि उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटून येतो तिथे तिचा उपयोग होतो. तापीकाठच्या मोकळ्या सपाटीवर फरक शोधूनही सापडायचा नाही. चुंबकी होल्डरमुळे होकायंत्र फसतं, म्हणून थांबलेल्या गाडीचा बाण भलतीकडे दिसतो. चालू लागलात की दिशा हालचालीवरून काढली जाते आणि बाण सुधारतो.

सेटिंगमध्ये 'सर्वात जवळचा रस्ता' ठेवू नका. तो तुम्हाला शेतरस्त्याने नेईल, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बाइकची चाकं मडगार्डपर्यंत भरतील. 'सर्वात वेगवान' निवडा, कच्चे रस्ते टाळा हे चालू करा. नकाशाला रस्ता माहीत असतो, फरशी पुलावरून पाणी चाललंय हे माहीत नसतं. ते नाल्याअलीकडच्या माणसाला विचारा. गाव निवडताना तालुका बघा: अमळनेर आपल्याकडे आहे तसंच बीडच्या पाटोदा तालुक्यातही आहे, आणि पिंप्री-वडगाव तर मोजायलाच नको. उपकरणात मराठी नसेल तर स्पेलिंगही अडतं, यावल-सावदा यातला 'व' दोन तऱ्हेने टाकून बघा. महामार्ग ५३ ला जुना नकाशा ६ म्हणत असेल तर तो नकाशा बदलायला झालाय.

नियमाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमात हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. चालता चालता पत्ता टाइप करणं त्यात बसत नाही.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर दोन गोष्टी बघा. एक, त्यात भारताचा नकाशा आहे का. युरोपातल्या उपकरणात फक्त युरोप असतो. गार्मिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) बनलेला नकाशा मेमरी कार्डवर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकून चालवता येतो. कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर फाइल ४ जीबीपेक्षा लहान हवी. दुसरं, इनरीच असलेलं मॉडेल नको. ते उपग्रहामार्फत संदेश पाठवतं, आणि असं उपकरण परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडवतात. गार्मिनच्याच मोंटाना ७०० मध्ये इनरीच नाही, पण ७००आय मध्ये आहे. मागवताना शेवटचं अक्षर नीट वाचा.